कॉफीच्या टेबलावरचा भाव

माझा नवरा वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकल्यावर ते कोणी ऐकून घेणार नाही. शेजाऱ्याचं यंत्र मोडलं तर नेस्टर स्वतःची कापणी थांबवून धावायचा. कोणाच्या घरी मयत झाली तर आमच्या घरातून भांडंभर जेवण सगळ्यांच्या आधी पोचायचं. त्याला खोड एकच होती. गहू विकावा तर आपणच, असं त्याला वाटायचं.

आमच्या होल्डर गावात सोसायटीचं दुकान आहे. मी तिथे आठवड्यातले काही दिवस गल्ल्यावर बसते. दुकानाच्या कोपऱ्यात, यंत्रांच्या बेअरिंग आणि पट्ट्यांच्या रॅकला लागून, एक लांब टेबल टाकलेलं आहे. न्याहारी उरकली की गावचे शेतकरी तिथे जमतात. फासे टाकतात, ज्याचा आकडा सगळ्यांत कमी त्याने सगळ्यांची कॉफी भरायची, आणि मग गप्पा सुरू होतात. त्या गप्पांत पाऊस सोडला तर फारसं काही खरं नसतं. कोणाला किती एकर आहेत असं तिथे विचारणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं. गहू कितीला गेला हे मात्र माणसाने आपणहून सांगायचं असतं, आणि सांगताना थोडं वाढवून सांगायचं असतं. मापामागे पाव डॉलर वाढवला तर सगळे मान डोलावतात. अर्धा वाढवला तर आमचा शेजारी गार्नेट माझ्याकडे बघून डोळा मारतो. नुकसान झालं तर कोणी चकार शब्द काढत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नेस्टरला त्या टेबलावर मान होता. आमची मुलगी दार्का शाळेत होती तेव्हा एका वर्षी त्याने खरोखरच सगळ्यांत वरच्या भावाला गहू विकला होता आणि दुसऱ्याच दिवशी भाव कोसळला होता. त्याचं खरं कारण मला माहीत आहे. माझी दाढ ठणकत होती, दातांचा डॉक्टर गहू विकत घेणाऱ्या कोठाराच्याच रस्त्यावर होता, रिकामा ट्रक कशाला न्यायचा म्हणून त्याने गहू भरला. पण टेबलावर माझी दाढ कधी आली नाही. "मला वास लागला होता," एवढंच तो सांगायचा. त्या एका वासावर त्याने पुढची कितीतरी वर्षं काढली.

दार्का आमची एकुलती एक. शिकायला विनिपेग शहरात गेली ती तिथेच धान्याच्या व्यापारात लागली. दिवसभर कानाला फोन, समोर भाव. आम्ही धरून चाललो होतो की ती काही परत येत नाही. गावाने तर ठरवूनच टाकलं होतं की आमच्यानंतर जमीन गार्नेटच्या मुलांकडे जाणार. एकदा माझ्यादेखत तो आमच्या पूर्वेच्या शेताकडे बघत म्हणाला, "इथलं कुंपण काढलं तर यंत्र सरळ जाईल, नाही?" मी त्याला म्हटलं, "आधी आम्हाला तर काढ."

आणि मग ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी, मध-खसखशीची गव्हाची खीर खाताखाता, दार्काने चमचा खाली ठेवला.

"मी परत येते," ती बापाला म्हणाली. "कायमची. पण एक अट आहे, तातो. पेरणी, फवारणी, कापणी तुझी. विक्री माझी. सगळी माझी."

नेस्टरने माझ्याकडे बघितलं. "आणि मला भाव पटला नाही तर?"

"तर ममाला सांग."

"तिला सांगून काय उपयोग?"

"म्हणूनच."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने टेबलावरून हात पुढे केला आणि दोघांनी व्यापाऱ्यांसारखे हात मिळवले. मी भांडी विसळायला उठले, कारण मला रडू येत होतं आणि मला ते दाखवायचं नव्हतं.

आमच्याकडे गहू पेरायच्या आधीच विकता येतो. कोठारवाल्याशी करार करायचा, शरदात इतके टन देईन, भाव आजचा. पुढे भाव पडला तर शेतकरी हसतो, चढला तर कोठारवाला हसतो. गहू आलाच नाही तर मात्र शेतकऱ्याचं काही खरं नाही, कारण करारात शेत लिहिलेलं नसतं, टन लिहिलेले असतात. ते कुठूनही आणून द्यायचे, नाहीतर त्या दिवशीच्या भावाने फरक भरायचा. बर्फ वितळायच्या आधी दार्काने गावातल्या कोठाराशी पहिला सौदा केला. दरवर्षी जेवढं पीक येतं त्याचे तीन हिस्से धरा, त्यातला एक.

"एवढासाच?" नेस्टर म्हणाला. "भाव चांगला आहे की."

"देवाने अजून पाऊस कबूल केलेला नाही, तातो. बाकीचा कोठीत पडला की बघू."

बरोबर होतं तिचं. नेस्टरलाही ते कळत होतं. पण टेबलावर बसायला दार्का जात नव्हती, तो जात होता.

"काय नेस्टर, कितीला दिलास यंदा?" गार्नेटने विचारलं.

"पोरीला विचार."

"म्हणजे तुला आता नुसता ट्रॅक्टर चालवायला ठेवलंय? पगार तरी वेळेवर देते का?"

"दोन वेळचं जेवण देते," नेस्टर म्हणाला.

"आणि कॉफीला पैसे?"

सगळे हसले. नेस्टरही हसला. मी गल्ल्यावरून बघत होते. त्याचे कान लाल झाले होते, आणि त्याचे कान लाल झाले की तो हसतोय यावर मी कधी विश्वास ठेवत नाही. त्या दिवसापासून गार्नेट त्याला "मजूर" म्हणायला लागला. "ए मजुरा, फासे टाक." "मजुरा, मालकिणीला विचारून आलास ना?" थट्टाच ती. आमच्या गावात माणसावर प्रेम असलं की त्याला असंच सोलतात. पण रोज सोललं तर प्रेमानेही साल निघते.

जूनमध्ये गहू असा काही दिसायला लागला की विचारू नका. पोटरीला आलेला, गडद हिरवा, वाऱ्याबरोबर डोलणारा. भावही दार्काच्या सौद्यापेक्षा थोडा वर सरकला होता. एके दिवशी नेस्टर म्हणाला, फवारणीच्या यंत्राला एक भाग लागतो, पेरिनला जाऊन येतो. पेरिन म्हणजे दुसऱ्या रेल्वेमार्गावरचं गाव, आमच्यापासून चांगलं दूर. तो हात हलवत परत आला. "भाग नव्हता," म्हणाला.

भाग नव्हताच. तो गेला होता एमिलकडे. एमिल पेरिनच्या कोठारावर गहू घेतो, आमच्या लग्नात तो नेस्टरच्या शेजारी उभा होता. नेस्टरने त्याच्याशी दुसऱ्या हिश्श्याचा करार केला, दार्काच्या भावापेक्षा जरा वरच्या भावाने. "दार्काला विचारलंस का?" असं एमिलने त्याला विचारलं होतं म्हणे. नेस्टर म्हणाला, "जमीन अजून माझ्या नावावर आहे." हे मला एमिलने फार नंतर सांगितलं. नेस्टरच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. कापणीनंतरच्या सणाला, टर्की कापताना, तो दार्काला सांगणार होता, "बघ, म्हाताऱ्याने तुझ्यापेक्षा वर दिला." ती हसेल, चिडवेल, आणि मग तो टेबलावर जाऊन सांगेल. एक हिस्सा शिल्लक होताच की, मी काय मूर्ख आहे का, असं तो मला नंतर म्हणाला.  

जुलैत वारा फिरला. दक्षिणेकडून गरम झळा यायला लागल्या आणि थांबेनात. उत्तरेला जंगलं पेटली होती, त्यांचा धूर आमच्यावर येऊन बसला, सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसायला लागला. गहू खालून पांढरा पडत वर गेला. ओंब्या निसवल्या पण दाणा भरेना. नेस्टर रोज संध्याकाळी शेताच्या कडेला जाऊन एखादी ओंबी तळहातावर चोळायचा, फुंकर मारायचा आणि उरलेले दाणे तोंडात टाकायचा. आम्हाला वाटायचं, तो पिकासाठी झुरतोय.

कापणी लवकर आटोपली. आमच्या जड मातीने थोडी ओल धरून ठेवली होती, त्यामुळे तीनपैकी दोन हिस्से तरी हाती आले. इतरांची दैना झाली. ज्यांनी वसंतात भराभर करार केले होते ते आता टेबलावर मुके बसायचे, कारण भाव रोज चढत होता आणि द्यायला गहू नव्हता. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं, पण माझ्या गल्ल्यावर नव्या बुटांची, नव्या टोप्यांची खरेदी बंद झाली होती. त्यावरून मला सगळं कळत होतं.

आमच्या घरात मात्र दार्का गुणगुणत होती. आलेला दाणा बारीक होता पण प्रोटीनने भरलेला होता. दुष्काळाचा गहू असाच असतो, कमी आणि कसदार. ती बशीत दाणे घेऊन आली आणि टेबलावर ठेवून म्हणाली, "हा बघ, ममा. तातोने आयुष्यात असा गहू पिकवला नसेल. एक हिस्सा गावातल्या कोठाराला जाईल. दुसरा आपला मोकळा आहे. विनिपेगच्या गिरणीला असाच हवाय, मी ओळखते त्यांना, साध्या भावाच्या वर देतायत. उद्या शब्द देते."

मग तिने नेस्टरकडे बघितलं. विचारायची काही गरज नव्हती, अटच तशी होती. तरी तिने विचारलं.

"तातो, चालेल ना तुला?"

नेस्टर जेवत होता. पानात माझ्या हातचे बटाट्याचे उकडलेले कानवले होते. त्याने मान वर केली नाही.

"तुला योग्य वाटेल ते कर," तो म्हणाला. "जरा साय दे इकडे."

मी साय दिली. ती वाटी माझ्या हातून त्याच्या हातात गेली तेवढ्या वेळात सगळं वाचलं असतं. तेव्हा त्याने नुसतं तोंड उघडलं असतं तर दार्का चिडली असती, आदळआपट झाली असती, आणि ती आज या घरात असती. मी ती संध्याकाळ मनात कितीदा पुन्हा मांडली आहे, आणि दरवेळी तो साय मागतो.

का बोलला नाहीस, असं मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, एमिल करार सोडून देईल असं वाटलं होतं. जुलैतच तो एमिलकडे जाऊन आला होता. "मी सोडला असता रे," एमिल म्हणाला होता, "कंपनी सोडत नाही." तरी नेस्टरला वाटत राहिलं की काहीतरी होईल. पाऊस न आलेल्या आभाळाकडे बघत बसायची सवय लागली की माणूस कशाकडेही तसाच बघत बसतो.

ऑक्टोबरात एमिल स्वतः आमच्या अंगणात आला. फोन करता आला असता, पण तो जुन्या वळणाचा माणूस. दार्का ट्रकला वंगण घालत होती. मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते.

"दार्का, नेस्टरच्या गव्हाचे ट्रक कधी लावू?" त्याने विचारलं. "कंपनी रोज विचारतेय."

"कशाचे ट्रक?"

एमिलने डोक्यावरची टोपी काढली. मयताच्या घरी काढतात तशी. "त्याने सांगितलं नाही तुला?"

नेस्टर यंत्रांच्या शेडमधून बाहेर आला आणि दारातच थांबला. दार्काने त्याच्याकडे बघितलंच नाही. एमिललाच विचारलं, किती टन. एमिलने सांगितलं. तिने हात पुसले.

"म्हणजे उरलेला सगळाच," ती म्हणाली. "आत या ना, एमिलकाका. कॉफी घ्या."

एमिल आत आला नाही. तो गेल्यावर नेस्टर दोन पावलं पुढे आला.

"गिरणीला मी काय सांगू?" दार्काने विचारलं.

"सांग, दुष्काळ पडला."

"दुष्काळ मी करार केला त्याच्या आधी पडला, तातो."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. विकत घेऊन द्यावा म्हटलं तर पंचक्रोशीत कोणाकडे गहू नव्हता. ती फोन घेऊन शेताच्या वाटेने चालत गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. गिरणीने तिला मोकळं केलं होतं, फरक घेऊन. तो तिने आपल्या साठवलेल्या पैशांतून भरला. त्या पैशांतून ती आमच्या शेजारचा तुकडा घेणार होती. आणि तो गहू, नेस्टरच्या आयुष्यातला सगळ्यांत कसदार गहू, एमिलकडे साध्या भावाने जाणार होता, कारण करार करताना त्याने प्रोटीनची अट घालून घेतली नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"पैसे मी भरून देईन," चार दिवसांनी जेवायच्या टेबलावर नेस्टर म्हणाला.

"ते नंतर बघू. पैशांचं नाहीये हे." ती माझ्या समोरच्या खुर्चीत बसली. "मी रागावलेय. पण मी राहतेय. समजलं? मी राहतेय. तू फक्त एक कर."

"सांग."

"टेबलावर जाऊन सांग. तुझ्या तोंडाने."

तिच्या फोनच्या आधीच निघालेला गिरणीचा पहिला ट्रक आमच्या फाटकातून रिकामा परत गेला होता, आणि त्याच्या ड्रायव्हरने वाटेत सोसायटीत कॉफी घेतली होती. तेवढं पुरलं. शहरात शिकून आलेल्या पोरीने एकच गहू दोघांना विकला, असं गावभर झालं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

"मी सांगते की," मी म्हटलं. "मी तिथेच तर असते."

"तू नाही, ममा. त्यानेच. मला इथे जमीन भाड्याने घ्यायची आहे, लोकांचा गहू विकून द्यायचा आहे. माझ्या शब्दाला किंमत नसेल तर मी इथे काय करू? तातोने सांगितलं की संपलं."

नेस्टर म्हणाला, "सांगतो. उद्याच सांगतो."

दुसऱ्या दिवशी तो नुसती कॉफी पिऊन आला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, गार्नेट नव्हता. त्यानंतर म्हणाला, आज एकाच्या आईच्या आजाराचा विषय निघाला, कसं बोलणार? मी गल्ल्यावरून बघत होते. तो तोंड उघडायचा, आणि फासे त्याच्याकडे यायचे.

एका सकाळी दार्का ट्रकसाठी पट्टा घ्यायला दुकानात आली. ती रॅकच्या मागे होती. लपली नव्हती, पट्ट्यांवरचे आकडे वाचत होती. टेबलावरून तिचे नुसते बूट दिसले असते, पण रॅकखाली कोण बघतं? गार्नेटने कप खाली ठेवला आणि आवाज उतरवून, खरंच मायेने, विचारलं, "नेस्टर, ऐकलं ते खरं का रे? पोरीने दोनदा विकला?"

यापेक्षा सोपी वाट देवानेही काढून दिली नसती.  मी सुट्टे पैसे मोजणं थांबवलं. बोल, मी मनात म्हटलं. बोल रे बाबा.

नेस्टरने कपातली कॉफी ढवळली. तो कॉफीत साखर घालत नाही.

"जाऊ दे," तो म्हणाला. "लहान आहे. शिकेल."

गार्नेटने मान डोलावली. कोणीतरी फासे उचलले.

दार्का रॅकच्या मागून बाहेर आली आणि सरळ माझ्याकडे आली. पट्टा काउंटरवर ठेवला. माझ्या ओठांवर शब्द आले होते, पण तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की ते तिथेच राहिले. तिने पैसे दिले. "पिशवी नको," म्हणाली. नेस्टर खुर्चीत अर्धा उठला होता. ती त्याच्या बाजूने गेली, गार्नेटला "येते" म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

एमिलकडचा सगळा गहू तिने स्वतः ट्रक चालवून पोचवला. एक खेपही नेस्टरला करू दिली नाही. कोठ्या झाडून काढल्या, झाकणं लावली. मग आपलं सामान गाडीत भरलं. पहिला बर्फ पडून गेला होता. नेस्टर गाडीच्या खिडकीशी उभा होता.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे, तातो."

"अजून सांगीन."

"सांग," ती म्हणाली. "रस्ता निसरडा आहे. मी निघते."

त्या हिवाळ्यात मी नवऱ्याशी फार बोलले नाही. स्वयंपाक करायचे, ताट वाढायचे. मला त्याचा राग होता, आणि राग असूनही रात्री तो कूस बदलायचा तेव्हा मला त्याची कीव यायची. दोन्ही एकाच वेळी मनात ठेवणं फार दमवणारं असतं. तो आठवडे न् आठवडे टेबलावर गेलाच नाही. गार्नेट दोनदा घरी येऊन गेला, पुढच्या वर्षी जमीन भाड्याने द्यायची असेल तर सांग म्हणाला. दुसऱ्या वेळी नेस्टरने त्याला नाही म्हटलं नाही.

फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, तो एका सकाळी माझ्याबरोबर दुकानात आला. टेबल भरलेलं होतं. त्याला बघून सगळे सरकले, जागा केली. गार्नेटने फासे पुढे केले. नेस्टर बसला नाही.

"मला सांगायचंय," तो उभ्यानेच म्हणाला. "दार्काने काही केलं नाही. मी केलं. जूनमध्ये मी पेरिनला जाऊन एमिलला गहू विकला. तिला न विचारता. साडेआठने. पावणेनऊ नाही, साडेआठ डॉलरने. मग मी गप्प बसलो. तिने विचारलं तरी गप्प बसलो. गिरणीचे पैसे तिने भरले. चूक माझी आहे. सगळी."

मी गल्ल्यामागे उभी होते. इतक्या वर्षांत त्या टेबलावर कोणी खरा भाव सांगितलेला मी ऐकला नव्हता. मला वाटलं, बैल गेला आणि झोपा केला, पण केला तरी. मी आताच्या आता दार्काला फोन करणार होते.

 मग गार्नेट उठला आणि त्याने नेस्टरच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस, नेस्टर. कॉफी घे."

"मी खरं सांगतोय."

"सांगतोयस ना. आम्हालाही पोरी आहेत."

"अरे, एमिलला विचारा!"

"एमिल तुझ्या लग्नात होता," गार्नेट म्हणाला, आणि दोघंतिघं हळू हसले. वाईट हसणं नव्हतं ते. मी गल्ला सोडून बाहेर आले. "तो खरं बोलतोय, गार्नेट," मी म्हटलं. गार्नेटने माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघितलं की मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. "तू आई आहेस, ओर्सिया," तो म्हणाला. "तू दुसरं काय म्हणणार?"

मी अजून दोनदा सांगितलं. मग माझ्या लक्षात आलं की मी जितकं सांगेन तितकं त्यांना ते कमी खरं वाटणार. पाव डॉलर वाढवून सांगणाऱ्या माणसांपुढे एकाने आपण होऊन भाव कमी सांगितला होता, तोटा अंगावर घेतला होता, आणि असं माणूस फक्त कोणासाठी तरी करतो, एवढंच त्यांना कळत होतं. कोणीतरी खुर्ची ओढून दिली. नेस्टर बसला. त्या दिवशी त्यांनी फासे टाकले नाहीत, गार्नेटने सगळ्यांचे पैसे भरले. नेस्टरच्या पुढ्यातली कॉफी तशीच निवली.

 घरी पोचल्यावर दारात बूट झटकून नेस्टर सरळ फोनकडे गेला. दार्काने लगेच उचलला. मी पाठीमागे उभी होते, मला तिचा आवाज ऐकू येत होता.

"मी सांगितलं," तो म्हणाला. "टेबलावर. सगळ्यांसमोर. भावही सांगितला."

 मग ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात काहीतरी सैल झालं होतं. उन्हाळ्यानंतर मी तो आवाज ऐकला नव्हता.

"खरंच, तातो? मग? काय म्हणाले?"

नेस्टरने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला, दोनदा घसा खाकरला आणि शेवटी सांगितलं.

"म्हणाले, बाप असावा तर असा."